भरून घेतलेला कागद वाचतो कोण?

त्यांच्या फाइलमध्ये आठ कागद होते. भेटीला आलं की आधी बाहेर बसून नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरायची, ती फाइलला लागायची आणि मग आत यायचं, हा आमचा शिरस्ता. पन्नाशीचे गृहस्थ, नैराश्यासाठी माझ्याकडे थेरपीला येत होते. गोळ्या दुसऱ्या मनोविकारतज्ज्ञांच्या चालू होत्या. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) वागणं अतिशय अदबशीर. आत आले की मी विचारायचे, "कसं वाटतंय?" ते म्हणायचे, "बरं आहे, मॅडम. तुमच्याशी बोलून गेलं की हलकं वाटतं." मग आम्ही पाऊण तास बोलायचो. चांगलं बोलायचो. भेट संपली की मी टिपण लिहायचे आणि त्या टिपणांमध्ये 'हळूहळू सुधारणा' हे शब्द तीनदा आले आहेत.

नवव्या भेटीला ते आले नाहीत. त्यापुढच्याही नाही. फाइल बंद करायला घेतली तेव्हा ते आठ कागद मी पहिल्यांदा एकापाठोपाठ एक पाहिले. ११, १२, १२, १४, १५, १५, १७, १८. या प्रश्नावलीत गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. म्हणजे माझ्या टिपणांत ते सुधारत होते आणि त्याच दिवशी, भिंतीपलीकडे बसून, स्वतःच्या हातानं ते लिहून देत होते की मी बुडतोय.

मी फोन केला. ते एकदा येऊन भेटले. कागद पुढे ठेवून मी विचारलं, "हे मला सांगितलं का नाहीत?" त्यांनी थोडा वेळ घेतला. म्हणाले, "मॅडम, तुम्ही इतकं मनापासून ऐकता. तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगायचं, की काही फरक नाही म्हणून? आणि मी लिहून देत होतोच की. मला वाटलं, तुम्ही वाचत असाल."

मानसिक आरोग्यसेवेत पेशंटची अवस्था दर भेटीला किंवा ठरावीक अंतरानं प्रश्नावलीनं मोजावी का, यावर अनेक देशांत गेली तीसेक वर्षं वाद चालू आहे. सेवा चालवणाऱ्यांना आकडे हवे असतात, आणि आकडा म्हटलं की आम्ही उपचार करणारे अंग चोरतो. मला जे म्हणायचं आहे ते असं: मोजावं, न चुकता मोजावं. पण तो आकडा सगळ्यात आधी, त्याच तासाला, थेरपिस्ट आणि पेशंट यांच्यामधल्या टेबलावर यायला हवा. तिथे तो येणार नसेल, तर तो मागण्याचा हक्क कुणालाही नाही. ना व्यवस्थापनाला, ना सरकारला, ना संशोधकाला.

आधी आमच्याबद्दल बोलते, कारण चूक माझ्या खुर्चीतून झाली होती.

अनुभवी थेरपिस्टला पेशंटची घसरण जाणवतेच, अशी आमची श्रद्धा असते. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम्बर्ट यांच्या गटानं २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही श्रद्धा तपासली. ४८ थेरपिस्ट, ५५० पेशंट. साधारण आठ टक्के पेशंट उपचार चालू असताना बिघडतात, हे थेरपिस्टना आधीच सांगून ठेवलं होतं. तुमचे कोणते पेशंट बिघडतील असं वाटतं, या प्रश्नावर सगळ्यांनी मिळून तीन जणांकडे बोट दाखवलं. प्रत्यक्षात ४० जण बिघडले. तिघांपैकी एकाच्याच बाबतीत अंदाज खरा ठरला. याच पेशंटनी भरलेल्या प्रश्नावल्यांवर एक साधी संख्याशास्त्रीय पद्धत चालवली, तेव्हा त्या ४० पैकी बहुतेक जण आधीच नजरेत आले होते. पुढे २०१२ साली आणखी एक पाहणी प्रसिद्ध झाली. १२९ उपचारकांना विचारलं होतं, समव्यावसायिकांच्या तुलनेत तुम्ही कुठे बसता? चौघांतल्या एकानं स्वतःला वरच्या दहा टक्क्यांत बसवलं. सरासरीहून खाली आपण आहोत, असं १२९ पैकी एकानंही म्हटलं नाही.

हे सगळं अहंकारापोटी होतं असं मला वाटत नाही. अस्थिरोगतज्ज्ञाला हाड जुळलं की नाही ते एक्स-रेमध्ये दिसतं. आमच्याकडे ज्याला बरं वाटतं तो येत राहतो, आभार मानतो, वर्षांनंतर भेटला तरी थांबून बोलतो. ज्याला उपयोग होत नाही तो गुपचूप यायचा थांबतो. भांडायलाही येत नाही. वीस वर्षं काम केलेल्या कुणाच्याही आठवणीत त्यामुळे बरे झालेलेच जास्त उरतात, आणि त्या आठवणींना आपण अनुभव म्हणतो.

इतर वैद्यकशाखांनाही ही शिस्त सहजासहजी लागलेली नाही. बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन गेल्या शतकाच्या सुरुवातीला एकच मागणी लावून धरून होते: शस्त्रक्रिया केलेल्या प्रत्येक पेशंटचं पुढे काय झालं ते वर्षभरानं पाहा, कार्डावर लिहा आणि जाहीर करा. सहकाऱ्यांचा रोष पत्करून त्यांनी १९११ साली स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं आणि १९१६पर्यंत घरी सोडलेल्या ३३७ पेशंटच्या बाबतीत झालेल्या १२३ चुका स्वतःच छापून प्रसिद्ध केल्या. मला त्यांचं धैर्य मोठं वाटतं, पण त्याहून मोलाची वाटते ती कार्डाची कल्पना. माझ्या स्मरणशक्तीवर आणि माझ्या भल्या हेतूंवर विसंबून न राहणारी ती गोष्ट होती.

आमच्या खोलीत तर आणखी एक अडसर असतो, आणि त्याला मराठीत नेमका शब्द आहे: भीड. समोरचा माणूस आपल्यासाठी वेळ काढतोय, आपलं दुःख ऐकतोय, कधी त्याचेही डोळे भरून येतात. अशा माणसाला 'तुमचा उपयोग होत नाहीये' असं तोंडावर सांगणं फार जड जातं. नैराश्य आलेल्या माणसाला तर त्याहून जड, कारण फरक पडत नाही यात दोष आपलाच, असं त्याला आतून वाटत असतं. कागदाची भीड पडत नाही. नऊ ओळींपुढे खुणा करताना कुणाचा चेहरा उतरलेला पाहावा लागत नाही. मोजमापाच्या बाजूनं जी काही कारणं दिली जातात, त्यात हे कारण मला सगळ्यात बळकट वाटतं. पेशंटला न बोलता बोलायची एक जागा मिळते.

आता तो कागद जरा जवळून पाहू. माझ्या पेशंटनी भरलेली प्रश्नावली पीएचक्यू-९ या नावानं ओळखली जाते. क्रोएंकी, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी ती २००१ साली मांडली. चिंतेसाठीची सात प्रश्नांची जीएडी-७ ही २००६ची. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असं किती वेळा झालं? झोप? थकवा? भूक? आपण हरलो, घरच्यांना मान खाली घालायला लावली असं वाटणं? प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त झाले तर लक्ष घालण्याजोगं नैराश्य असू शकतं, पंधरापासून बऱ्यापैकी तीव्र, वीसपासून तीव्र. भरायला काही मिनिटं लागतात.

पण या कागदाची बेरीज हा त्याचा सगळ्यात मुका भाग आहे. चौदा गुण असलेल्या दोन माणसांची कल्पना करा. एकाचे बहुतेक गुण आले झोप, भूक, थकवा आणि मंदावलेली हालचाल यांतून. त्याच्या थायरॉइडची तपासणी झाली आहे का, हे आधी पाहावं लागेल. दुसऱ्याचे बहुतेक आले निराशेतून, स्वतःला दोष देण्यातून आणि नवव्या ओळीतून. नववी ओळ विचारते की आपण मेलेलं बरं, किंवा स्वतःला काही इजा करून घ्यावी, असे विचार आले का. बेरीज फक्त सात असलेल्या कागदावरही नवव्या ओळीत 'दोन'वर खूण असू शकते. सातचा अर्थ तक्त्यात 'सौम्य' असा असतो. म्हणून ओळी वाचायच्या असतात, आणि त्या दिवशीच वाचायच्या असतात. नवव्या ओळीचा प्रश्न विचारायचा, उत्तर घ्यायचं आणि कागद फाइलला लावून माणसाला घरी पाठवायचं, हा माझ्या मते निष्काळजीपणाच आहे. मी तो आठ वेळा केला. त्यांच्या नवव्या ओळीत आठही वेळा शून्य होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा माहीत नव्हतं.

आकड्याला त्याच्या कुवतीहून जास्त बोलायला लावू नये, हेही खरं. एका रात्री झोप झाली नाही म्हणून गुण दोननं वाढतात, एका चांगल्या रविवारनं तीननं उतरतात. म्हणूनच जेकबसन आणि ट्रुऑक्स यांनी १९९१ साली प्रश्न असा मांडला, की मोजणीतल्या नैसर्गिक हेलकाव्यापलीकडचा, भरवसा ठेवता येईल असा बदल किती? इंग्लंडच्या सार्वजनिक सेवेत पीएचक्यू-९साठी हा आकडा सहा गुण धरतात, जीएडी-७साठी चार. या मोजपट्टीनं माझ्या पेशंटचं अकरावरून बारावर जाणं म्हणजे काहीच नव्हतं. घाबरून उपचार बदलले असते तर तेही चूक ठरलं असतं. पण सातव्या भेटीला सतरा झाले. सहा गुण. घंटा सातव्या भेटीला वाजली होती, आणि त्यानंतर ते आणखी एकदा येऊन माझ्यासमोर पाऊण तास बसून गेले.

मोजल्यानं पेशंट खरंच जास्त बरे होतात का? पुरावा सरळसोट नाही, आणि तो तसा नाही हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

एक अभ्यास चीनमधला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. नैराश्याचे १२० पेशंट, २४ आठवडे, दोन्ही गटांना औषधं त्याच दोनांपैकी एक. एका गटात डॉक्टर नेहमीप्रमाणे स्वतःच्या अंदाजानं डोस ठरवत होते. दुसऱ्या गटात प्रश्नावलीचे गुण पाहून, ठरलेल्या नियमांप्रमाणे. लक्षणं जवळपास पूर्ण ओसरली असे पेशंट पहिल्या गटात २८.८ टक्के, दुसऱ्या गटात ७३.८ टक्के. औषध तेच, पण मोजणाऱ्या गटात डोस जास्त वेळा बदलला गेला आणि वरपर्यंत नेला गेला. मोजमापानं इथे एकच काम केलं: 'बघू अजून दोन आठवडे' हे वाक्य मोडून काढलं. एवढ्या एका छोट्या अभ्यासावर इमारत बांधू नये, पण यात जे घडलं ते प्रत्येक डॉक्टरला ओळखीचं वाटेल.

मग वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०१६ सालचा आढावा. नैराश्य, चिंता अशा नेहमीच्या विकारांवरचे १७ अभ्यास, ८,७८७ माणसं. प्रश्नावली भरून घेऊन तिचा निकाल उपचारकाला कळवल्यानं सरसकट फरक पडल्याचं दिसलं नाही, आणि पुराव्याचा दर्जाही कमकुवत होता. २०२१ सालच्या ५८ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात फायदा दिसला, पण छोटा. अर्ध्यावर उपचार सोडणाऱ्यांचं प्रमाण मात्र कमी झालेलं आढळलं. माझ्यासारखीला दुसरी गोष्ट फार मोठी वाटते. नवव्या भेटीला न आलेला माणूस हीच तर माझी गोष्ट आहे.

हे दोन्ही निष्कर्ष एकत्र कसे नांदतात? नेदरलँड्समध्ये किम द याँग यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या कामात त्याचं उत्तर सापडतं. थेरपिस्टना पेशंटची प्रगती कळवली जात होती. एकूणात फरक दिसला नाही. पण ज्या थेरपिस्टनी आलेली माहिती आपण खरोखर वापरली असं सांगितलं, त्यांच्या पेशंटपैकी जे मागे पडले होते त्यांना फायदा झाला. ज्यांनी वापरली नाही, त्यांच्या पेशंटना कुठून होणार? थर्मामीटर लावल्यानं ताप उतरत नाही. ताप पाहून कुणीतरी उठावं लागतं.

लॅम्बर्ट यांच्या पद्धतीत थेरपिस्टच्या हाती आकड्यासोबत एक रंग येतो. हिरवा म्हणजे अपेक्षेप्रमाणे चाललं आहे, पिवळा म्हणजे अपेक्षेहून मागे, लाल म्हणजे हा पेशंट उपचार सोडण्याच्या किंवा बिघडण्याच्या वाटेवर आहे. पांढरा म्हणजे अवस्था सर्वसामान्यांसारखी झाली आहे, थांबण्याचा विचार करा. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं पाऊल. लाल आला की आणखी काही गोष्टी तपासायच्या: आपल्या दोघांचं जुळलंय का, पेशंटची बदलायची तयारी आहे का, घरातून आधार आहे का, मध्ये काही आघात झाला का, औषधाचा फेरविचार हवा का. या पाचांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आकडा देत नाही. तो फक्त म्हणतो, आता विचारा. रंगासोबत ही विचारपूस जोडलेली असते तिथे फायदा जास्त दिसतो, याचं मला नवल वाटत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे येते, कारण या विषयातली सगळ्यात मोठी नासाडी थेरपिस्टच्या खोलीबाहेर झाली आहे.

इंग्लंडमध्ये २००८पासून बोलण्याच्या उपचारांची एक राष्ट्रीय योजना चालू आहे. तिथे दर भेटीला मोजतात, आणि दर भेटीलाच का, याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पूर्वी सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा मोजायची पद्धत होती. पण शेवट कधी आहे हे कुणाला ठाऊक असतं? मध्येच सोडून गेलेल्याचा शेवटचा कागद नसायचाच. दर भेटीच्या नोंदी हाती आल्यावर दिसलं, की ज्यांचे शेवटचे कागद नाहीत त्यांना कमी फायदा झालेला होता. म्हणजे फक्त शेवटपर्यंत टिकलेल्यांचे आकडे दाखवणारी सेवा आहे त्याहून चांगली दिसते. दर भेटीला मोजणं हा सोडून गेलेल्या माणसालाही हिशेबात धरण्याचा मार्ग आहे. या कारणासाठी मी त्या योजनेची ऋणी आहे.

त्याच योजनेत निम्मे पेशंट 'बरे' व्हावेत असं उद्दिष्टही ठरलं. बरं होणं म्हणजे ठरलेल्या रेषेच्या खाली जाणं. चिंतेचे गुण बाजूला ठेवून फक्त पीएचक्यू-९ पाहू. दहावरून नऊवर आलेला माणूस रेषा ओलांडतो. चोवीसवरून तेरावर आलेला, म्हणजे अंथरुणातून उठून पुन्हा कामाला लागलेला माणूस, ओलांडत नाही. योजना चालवणाऱ्यांना हे माहीत आहे. भरवशाची सुधारणा ते वेगळी मोजतात आणि तीही जाहीर करतात. पण सेवेची मान कोणत्या आकड्यावर धरली जाते, यावर खालचा माणूस काय करतो ते ठरतं. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७०च्या दशकातच बजावलं होतं: एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय टेकतील, तितका तो आकडा भ्रष्ट होईल आणि ज्यावर नजर ठेवायला तो आणला ते कामही भ्रष्ट करील.

नेदरलँड्सनं हे अनुभवलं. नियमित मोजमाप तिथे रुजलं, मग विमा कंपन्यांना संस्थांची एकमेकींशी तुलना करता यावी म्हणून ते आकडे एका ठिकाणी गोळा व्हायला सुरुवात झाली. २०१७ साली देशाच्या लेखापरीक्षण संस्थेनं सांगितलं, की या तुलनेसाठी हे आकडे योग्य नाहीत. त्याच वर्षी हे थांबवा म्हणून मनोविकारतज्ज्ञांनी सह्यांची मोहीम काढली. पेशंटची माहिती त्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे जाते, हा आक्षेप त्यातला एक होता. मला यात सगळ्यात वाईट वाटतं ते असं, की द याँग यांच्यासारख्यांनी खोलीतल्या उपयोगासाठी केलेलं काम आणि वरच्या तुलनेसाठी चाललेली गोळाबेरीज, दोन्ही लोकांच्या मनात एकच झाली. कागद म्हणजे विमा कंपनीचा, असं एकदा थेरपिस्टच्या मनात बसलं की तो कागद त्याच्या हातात कधीच जिवंत होत नाही.

आणि पेशंटचं काय होतं? गुण उतरले की भेटी बंद होणार, असं त्याला कळलं तर तो गुण चढे लिहील. गुण चढले की कामावर रुजू होऊ देणार नाहीत असं कळलं तर उतरते लिहील. थेरपिस्टची नोकरी आपल्या खुणांवर आहे असं वाटलं तर तो दयेनं लिहील. कागदाची भीड पडत नाही म्हणून आपण कागद आणला होता. आता तीच भीड मागल्या दारानं परत आत आली. थेरपिस्टही बदलतो. अवघड पेशंट दुसरीकडे गेला तर बरं, असं त्याला वाटू लागतं, आणि हे वाटणं तो स्वतःपाशीसुद्धा कबूल करत नाही. म्हणून एकेका थेरपिस्टचे गुण क्रमवारीला, बढतीला किंवा पैशाला जोडायला माझा पूर्ण विरोध आहे. संस्थेनं एकत्रित आकडे जरूर पाहावेत, जाहीरही करावेत. सार्वजनिक पैशानं चालणाऱ्या सेवेनं लोकांना उत्तर द्यायला हवंच. पण ते आकडे वर जाण्याआधी खाली वाचले गेले आहेत का, हा पहिला प्रश्न हवा.

माझे सहकारी म्हणतात, माणूस आकड्यात मावत नाही. नाहीच मावत. पण 'हळूहळू सुधारणा' या माझ्या दोन शब्दांतही तो मावत नव्हता, आणि ते शब्द तर चुकीचे होते. वेळ नाही, हा आक्षेप मला फारसा पटत नाही. पाऊण तासातली दोन मिनिटं निघतात. गंभीर आणि दीर्घ आजारांत लक्षणांची यादी काय कामाची, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. स्किझोफ्रेनियासोबत वीस वर्षं जगणाऱ्या माणसाला कानात येणारे भासाचे आवाज किती कमी झाले यापेक्षा राहायला जागा आहे का, मित्र आहे का, दिवस कसा जातो, हे जास्त महत्त्वाचं असू शकतं. त्यावर श्टेफान प्रीबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांची डायलॉग ही पद्धत मला आवडते. अकरा प्रश्न: आठ आयुष्याबद्दल, तीन उपचारांबद्दल. प्रत्येकाला एक ते सात, आणि प्रत्येकापुढे एक साधा प्रश्न: इथे आणखी मदत हवी आहे का? सहा युरोपीय देशांत ५०७ पेशंटबरोबर ती वापरून पाहिली, आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आयुष्याबद्दलचं समाधान वाढलेलं आणि न भागलेल्या गरजा कमी झालेल्या दिसल्या. तिथे आकडा म्हणजे संभाषणाची विषयपत्रिका आहे, आणि ती पेशंट ठरवतो.

वाचता न येणाऱ्यांचं काय, हे फार कमी वेळा विचारलं जातं. प्रश्न वाचून दाखवता येतात. पण थेरपिस्टनंच वाचून दाखवले तर भीड पुन्हा जिथल्या तिथे. दुसऱ्या कुणी वाचावेत, किंवा ध्वनिमुद्रित प्रश्न ऐकून माणसानं एकट्यानं खूण करावी. आणि शब्दांचं भाषांतर झालं म्हणजे त्रासाचं झालं असं नाही. 'उदास वाटतं का' याला नाही म्हणणारा माणूस छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं असं सांगतो, तेव्हा कागदावर शून्य येतं आणि समोर दुःख बसलेलं असतं. अशा वेळी कागदावर नाही, समोरच्या माणसावर विश्वास ठेवायचा. आकडा आणि माणूस जुळत नाहीत तिथेच खरं काम सुरू होतं, आणि जुळत नाहीत हे कळायला दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर असावे लागतात.

हे सगळं घडवायला यंत्रणा लागते. प्रश्नावली देणाऱ्या प्रत्येक सेवेनं थेरपिस्टला भेटीपूर्वी निकाल हातात मिळेल अशी व्यवस्था आधी करावी आणि मगच पहिला कागद छापावा. सहा गुणांनी बिघडलेल्या पेशंटबद्दल वरिष्ठ सहकाऱ्याशी बोलायला राखून ठेवलेला वेळ असावा, आणि तिथे 'काय चुकलं' याआधी 'आता काय बदलू या' असं विचारलं जावं. प्रशिक्षणातच हे शिकवावं. मला कुणी शिकवलं नव्हतं, मला फक्त कागद भरून घ्यायला सांगितलं होतं. आणि पेशंटला पहिल्याच दिवशी सांगावं, की तुम्ही लिहाल ते मी वाचणार आहे, बरं वाटत नसेल तर मला ते कळायलाच हवं, मला त्याचं वाईट वाटणार नाही. शेवटचं वाक्य खरं नसलं तरी चालेल. वाईट वाटतं. पण ते आपलं आपण निस्तरायचं.

त्या दिवशी आम्ही आठही कागद टेबलावर ओळीनं मांडले. मी बेरजा वाचत होते. ते झोपेच्या ओळी पाहत होते. चौथ्या कागदावर त्यांनी बोट ठेवलं, जिथे बारावरून चौदा झाले होते.

"इथे," ते म्हणाले, "मी गोळ्या सोडल्या. पोटात ढवळायचं फार. डॉक्टरांना बोललो नाही."

मी त्या तारखेचं माझं टिपण काढलं. त्या भेटीत आम्ही पूर्ण वेळ त्यांच्या धाकट्या भावाशी आलेल्या दुराव्याबद्दल बोललो होतो. गोळ्यांचा उल्लेख कुठेच नव्हता. मी विचारलंच नव्हतं. मी पेन घेतलं, चौथ्या कागदाच्या समासात तारीख घालून ते लिहिलं आणि कागद त्यांच्याकडे वळवला. त्यांनी वाचला, मान हलवली आणि पाचवा पुढे ओढला.